घरच्या घरी बाथ बॉम्ब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाथ बॉम्ब म्हणजे अंघोळीच्या पाण्यात टाकली की फसफसत विरघळणारी सुगंधी गोळी. तिच्या बहुतेक कृती बाथटब असलेल्या घरांसाठी आणि कोरड्या हवेसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे अंघोळ बादलीत, आणि पावसाळ्यात हवा इतकी दमट की मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं. त्यामुळे त्या कृती जशाच्या तशा केल्या की गोळी एक तर वाळेपर्यंत फुगून बसते, नाही तर बादलीच्या मानाने भलतीच मोठी होते. दरवर्षी दिवाळीच्या आधी मी या गोळ्या करते. शेजारच्या आणि नात्यातल्या बायका-मुलं मदतीला येतात, प्रत्येक जण काही ना काही विचारतो. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

बाथ बॉम्ब पाण्यात टाकल्यावर फसफसतो कशामुळे?

त्यात दोन मुख्य पदार्थ असतात: खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड. कोरडे असेपर्यंत दोघे शेजारी शेजारी शांत राहतात. पाणी लागलं की दोन्ही विरघळतात, एकमेकांशी त्यांची रासायनिक क्रिया होते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. बुडबुडे दिसतात ते त्याचे. उरतं ते सोडियम सायट्रेट आणि पाणी. ॲसिडिटी झाली की आपण इनो घेतो, त्यातही हीच जोडी असते.

क्रिया चालू असताना आजूबाजूची उष्णता शोषली जाते. ओलं मिश्रण हाताला गार लागतं ते त्यामुळे. मिश्रण कालवताना बोटांना अचानक गारवा जाणवला तर समजा की ओल जास्त झाली आहे आणि फसफस भांड्यातच सुरू झाली आहे.

ही कल्पना मूळची कुठली?

इंग्लंडची. मो कॉन्स्टन्टाइन यांनी १९८९ साली पहिला बाथ बॉम्ब तयार केला. पाण्यात फसफसणाऱ्या अल्का-सेल्टझरच्या गोळीवरून त्यांना ते सुचलं. पुढे १९९५ साली सुरू झालेल्या लश या कंपनीच्या त्या सहसंस्थापक.

साहित्य काय लागतं आणि ते कुठे मिळतं?

खाण्याचा सोडा आणि कॉर्नफ्लोअर कुठल्याही वाण्याकडे मिळतं. सायट्रिक ॲसिड किराणा दुकानात लिंबूफूल किंवा लिंबूसत्त्व या नावाने मिळतं. सरबताचं किंवा केकचं साहित्य विकणाऱ्या दुकानात हमखास असतं. पाकिटावर ॲनहायड्रस (म्हणजे पाणी नसलेलं) असं लिहिलेलं असेल तर तेच घ्या, कारण साध्या प्रकारच्या स्फटिकात थोडं पाणी अडकलेलं असतं. खोबरेल तेल घरात असतंच. आयसोप्रोपिल अल्कोहोल औषधाच्या दुकानात मिळतं. ते नसलं तरी चालतं, पण दमट गावात राहत असाल तर आणाच.

कॉर्नफ्लोअर म्हणजे मंचुरियनला घालतो ते पांढरंशुभ्र पीठ. मक्याची भाकरी करतो ते पिवळं पीठ नव्हे. कॉर्नफ्लोअर नसेल तर आरारूट घ्या. बेसन घालू नका, त्याच्या पाण्यात गुठळ्या होतात.

प्रमाण आणि कृती सांगा.

मी हे प्रमाण घेते: खाण्याचा सोडा २०० ग्रॅम, सायट्रिक ॲसिड १०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ५० ग्रॅम, खोबरेल तेल २ छोटे चमचे, सुगंधी तेलाचे जास्तीत जास्त २० थेंब. वजनकाटा नसेल तर दोन वाट्या सोड्याला एक वाटी सायट्रिक ॲसिड आणि अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर घ्या. वजनाच्या प्रमाणात २० ग्रॅमच्या साधारण १८ गोळ्या होतात.

सायट्रिक ॲसिडचे दाणे जाड असतील तर अगदी कोरड्या मिक्सरमध्ये फिरवून घ्या. मैद्याच्या चाळणीतून जाईल इतकं बारीक हवं. मिक्सर थांबला की लगेच झाकण उघडू नका. भुकटी खाली बसू द्या, नाही तर ती नाकाडोळ्यांत जाते आणि चांगलीच झोंबते. मग तिन्ही पिठं एकत्र दोनदा चाळा. तेल आणि सुगंधी तेल एका वाटीत कालवून थोडं थोडं घाला आणि दोन्ही तळहातांत चोळत चोळत सगळीकडे लावून घ्या. हातावर कुठे चिरलं, खरचटलं असेल तर हातमोजे घाला.

आता ओल द्यायची. स्प्रेच्या बाटलीतून अल्कोहोल किंवा पाणी एकेक फवारा मारायचा आणि प्रत्येक फवाऱ्यानंतर लगेच कालवायचं. अल्कोहोल वापरत असाल तर गॅस बंद ठेवा, खिडकी उघडी ठेवा आणि देवापुढचा दिवाही दुसऱ्या खोलीत असू द्या. त्याची वाफ लगेच पेट घेते. मिश्रण तयार झालं की साच्यात दाबून भरायचं, पाच मिनिटांनी हलक्या हाताने काढायचं आणि कोरड्या सुती कापडावर सावलीत चोवीस तास वाळवायचं.

सोडा सायट्रिक ॲसिडच्या दुप्पट कशाला, असंही विचारतात. १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिडला खरं तर १२० ते १३० ग्रॅम सोडा पुरतो. बाकीचा मुद्दाम जास्त घेतलेला असतो, म्हणजे पाण्यात आम्ल शिल्लक राहत नाही आणि अंगाला चुरचुरत नाही.

ओल बरोबर झाली हे कसं ओळखायचं?

सगळी कृती इथे येऊन ठरते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मूठभर मिश्रण घ्या आणि घट्ट आवळा. मूठ उघडल्यावर मुटका तसाच राहिला पाहिजे, आणि बोटाने मधोमध दाबला तर दोन-तीन मोठे तुकडे झाले पाहिजेत. रव्याचा लाडू वळायला आलेलं मिश्रण जसं असतं तसं. मुटका उघडताक्षणी भुगा होत असेल तर अजून एक-दोन फवारे लागतील. मिश्रण तळहाताला चिकटायला लागलं, किंवा कान जवळ नेल्यावर बारीक सुस्स ऐकू आलं तर थांबा.

इतक्या मिश्रणाला पाणी फार तर पाव ते अर्धा छोटा चमचा लागतं. चमच्याने ओतलं तर ते एकाच जागी पडतं, तिथे लगेच फेसाळतं आणि बाकीचं पीठ कोरडंच राहतं. म्हणून फवारा. हवा दमट असेल तर पीठ चाळताना आणि चोळतानाच हवेतली ओल घेतं. अशा दिवशी फवाऱ्याला हात लावण्याआधी एकदा मुटका करून बघा. कित्येकदा तेलावरच गोळी वळते.

ओल जास्त झालीच तर मिश्रण ताटात पातळ पसरा, पंख्याखाली न ठेवता थोडा वेळ हलवत राहा आणि दोन-तीन चमचे सोडा-कॉर्नफ्लोअर वरून घाला. गोळी थोडी कमी फसफसेल, पण वाया जाणार नाही.

बेकिंग पावडर किंवा धुण्याचा सोडा चालेल का?

बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेलं असतं. सोडा कमी असल्यामुळे गोळी मिळमिळीत होते. धोका नाही, पण उपयोगही नाही.

धुण्याचा सोडा मात्र अजिबात नको. तो सोडियम कार्बोनेट, खाण्याच्या सोड्यापेक्षा कितीतरी तीव्र अल्कली. तो कातडी कोरडी करतो, आग करतो, डोळ्यात गेला तर इजा करतो. दोन्ही पांढऱ्या पुड्या, आणि सुट्ट्या घेतल्या तर सारख्याच दिसतात. म्हणून या कामासाठी छापील पाकीटच घ्या, कागदाच्या पुडीतला सोडा घेऊ नका. पापडखारही या कामाचा नाही.

सायट्रिक ॲसिडऐवजी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर?

नाही. आम्ल आहे हे खरं, पण सोबत पाणीही आहे. रस सोड्यावर पडला की सगळी फसफस तिथेच होऊन जाते, आणि बादलीत टाकायला उरतो तो नुसता लगदा. दोन्ही पदार्थ कोरडेच हवेत. लिंबाचा वास हवा असेल तर वाळवलेल्या सालीची पूड चिमूटभर घाला.

आमच्याकडे बाथटब नाही. मग करून उपयोग काय?

पुष्कळ उपयोग आहे, फक्त गोळी लहान करा. दुकानात मिळणारा मोठा बाथ बॉम्ब शंभर ग्रॅमच्या पुढचा असतो, आणि तो दीडशे लिटरच्या आसपास पाणी मावणाऱ्या टबासाठी असतो. आपली बादली १८ ते २० लिटरची. तोच गोळा बादलीत टाकला तर सोडा, तेल आणि सुगंध सात-आठ पटींनी तीव्र होतात. अंग चिकट होतं, वास डोक्यात जातो, नाजूक त्वचेला खाज सुटते. हिशेबाने बादलीला १५ ते २० ग्रॅम पुरेसे आहेत, म्हणून मी २० ग्रॅमच्या वरची गोळी करत नाही.

वापरायची पद्धतही थोडी वेगळी. आधी नेहमीसारखी साबण लावून अंघोळ उरकून घ्या. मग शेवटच्या अर्ध्या बादली गरम पाण्यात अर्धी गोळी सोडा, पूर्ण विरघळू द्या, आणि ते पाणी तांब्याने सावकाश अंगावर घ्या. चेहऱ्यावर आणि केसांवर घेऊ नका. सुगंध आणि तेलाचा हलका हात अंगावर राहतो. वरून पुन्हा साबण लावायचा नाही. मग एक-दोन तांबे साधं पाणी घेऊन टॉवेलने हलकं टिपा.

या गोळीने मळ निघत नाही, हेही सांगून ठेवते. ती साबणाची जागा घेत नाही.

पाय भिजवायला वापरता येईल का?

बादलीवाल्या घरात हाच तिचा सगळ्यात चांगला उपयोग आहे, असं माझं ठाम मत आहे. पसरट घमेल्यात किंवा प्लॅस्टिकच्या टबात सहा-सात लिटर कोमट पाणी घ्या, त्यात अर्धी गोळी टाका आणि दहा-पंधरा मिनिटं पाय सोडून बसा. फराळाच्या दिवसांत आई दिवसभर ओट्याशी उभी असते. चकल्यांचा शेवटचा घाणा उतरला की तिला खुर्चीत बसवून पायांशी हे घमेलं ठेवायचं. गोळी तळाशी जाते, मग फसफसत वर येते, बुडबुडे बोटांच्या फटींतून निघतात आणि घोट्यांना गुदगुल्या होतात. आई पाय आखडून घेते, हसते आणि पुन्हा पाण्यात सोडते. पायांना आराम देण्याचं निम्मं काम कोमट पाणीच करतं, पण गोळीमुळे ती दहा मिनिटं जागेवरून उठत नाही.

पाय बाहेर काढल्यावर बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा. टाचांना भेगा असतील आणि त्यातून रक्त येत असेल तर हे करू नका.

मधुमेह असलेल्यांनी पाय भिजवत बसू नये. पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, पाणी जास्त गरम आहे हे कळत नाही, आणि भिजून मऊ झालेल्या कातडीला जखम लवकर होते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी करत असाल तर आधी हे विचारून घ्या.

साचा कुठला घ्यावा?

मोदकाचा छोटा प्लॅस्टिकचा साचा उत्तम. दोन पाकळ्या उघडतात, त्यामुळे गोळी न मोडता निघते. बर्फाचा ट्रे आणि चॉकलेटचा सिलिकोनचा साचाही चालतो. ॲल्युमिनियमचा नको, ओल्या मिश्रणाने तो काळवंडतो. साचा नसेल तर पेढ्यासारखं हाताने दाबून वळा.

एक साचा या कामासाठी वेगळा काढून ठेवा. सुगंधी तेलाचा वास प्लॅस्टिकमध्ये मुरतो, तो पुन्हा नैवेद्याच्या मोदकाला लागायला नको. आणि मोदक किंवा पेढ्याच्या आकाराची गोळी लहान मुलाला खाऊच वाटणार. डब्यावर ठळक अक्षरांत लिहा, डबा उंचावर ठेवा, आणि फराळाच्या डब्यांच्या रांगेत तर ठेवूच नका.

रंग कुठला घालावा? हळद चालते का?

हळद चालते, पण तिची गंमत समजून घ्या. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो, हे आपण रोज पाहतो. अल्कली लागली की हळदीतलं कर्क्युमिन लालसर होतं. सोडाही सौम्य अल्कलीच. त्यामुळे कोरड्या मिश्रणात हळद पिवळी दिसते, पण फवारा पडला तिथे नारिंगी-तांबूस ठिपके उठतात. गोळी खराब झाली असं समजू नका. या सगळ्या प्रमाणाला पाव चमचा हळद पुष्कळ झाली. त्याहून जास्त घातली तर बादली, टॉवेल आणि पायांची नखं पिवळी होतात.

गोकर्णीची निळी फुलं सावलीत वाळवून केलेली पूड मला फार आवडते. आम्लात ती जांभळी होते, सोड्याच्या पाण्यात निळी-हिरवट. मुलांना एका वाटीत लिंबूफूल आणि दुसरीत सोडा घालून हे आधी दाखवा. बिटाची पूड गोळीत सुंदर गुलाबी दिसते, पण पाण्यात फिकी पडते.

खाण्याचा पातळ रंग नको, त्यात पाणी असतं. होळीचे रंग आणि रांगोळी कधीही नको, ते अंगाला लावायच्या प्रतीचे नसतात. चमकीही नको. प्लॅस्टिकची चमकी विरघळत नाही, ती गटारातून पुढे नदीत जाते.

सुगंधासाठी काय वापरू?

लॅव्हेंडर किंवा वाळ्याचं तेल सगळ्यांना सहसा मानवतं. एका गोळीत एक थेंब, यापेक्षा जास्त नको. दालचिनी आणि लवंगेचं तेल त्वचेची आग करतं, ते टाळा. लिंबू किंवा बर्गमोटचं तेल अंगावर असताना उन्हात गेलं तर चट्टे उठू शकतात. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि तांब्याबरोबर एकदम अंगावर येतं, म्हणून थेंब मोजूनच घाला.

कापूर आणि नीलगिरीचं तेल लहान मुलांच्या गोळीत घालू नका. कापराने मुलांना झटके येऊ शकतात. गोळी कुठल्याही प्रकारची असो, तान्ह्या बाळाच्या पाण्यात टाकायची नाही.

दिवाळीसाठी उटण्याचे बाथ बॉम्ब करता येतील का?

येतील, आणि वास इतका छान येतो की बाथरूममधून बाहेर पडावंसं वाटत नाही. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, गुलाबाच्या पाकळ्या यांची वस्त्रगाळ पूड घ्या. वरच्या प्रमाणातल्या कॉर्नफ्लोअरपैकी निम्मं काढून त्या जागी ही पूड घाला. वस्त्रगाळच हवी. जाडसर पूड पाण्यात विरघळत नाही, अंगाला चिकटते आणि मोरीच्या जाळीत साचते. किंवा सरळ गोळी मलमलच्या छोट्या पुरचुंडीत बांधून बादलीत सोडा.

पण नरकचतुर्दशीला पहाटे तेल चोळून, मग उटणं लावून अभ्यंगस्नान करतो, त्याची जागा ही गोळी घेऊ शकत नाही. उटणं अंगावर घासलं जातं, त्याने तेल आणि मळ निघतो. गोळी शेवटच्या तांब्यांसाठी. दोन्ही करा.

पावसाळ्यात करू का?

मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो नको. हवेतली ओल गोळी वाळूच देत नाही. राखीपौर्णिमेला किंवा गणपतीला भेट म्हणून द्यायच्याच असतील तर पाण्याऐवजी अल्कोहोलचाच फवारा घ्या, मीठ अजिबात घालू नका, आणि गोळ्या उघड्यावर पंख्याखाली न ठेवता झाकण जरा सैल ठेवलेल्या डब्यात सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्यांसोबत पसरून ठेवा. पंखा ओलसर हवाच फिरवत राहतो. घरात एसी असेल तर त्या खोलीत वाळवा, एसी हवेतली ओल काढतो.

खडे मीठ किंवा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घालायचं तर दसऱ्यानंतर. एप्सम सॉल्ट रोपवाटिकेत खत म्हणून मिळतं ते घेऊ नका, औषधाच्या दुकानातलं घ्या.

पुण्या-नाशिकच्या थंडीत गोळ्या सगळ्यात छान होतात. हवा कोरडी, आणि २४ अंशांच्या खाली खोबरेल तेल गोठत असल्यामुळे गोळी आपोआप कडक होते. नागपूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते पण तेल पातळ राहतं, तेव्हा तेल निम्मं करा.

गोळी फुगते, तडकते किंवा भुगा होतो. काय चुकतं?

गोळीवर फोड आल्यासारखे दिसत असतील तर ओल जास्त झाली, आणि आत हळूहळू फसफस चालू आहे. अशी गोळी वापरायला चालते, पण फसफस निम्मीच उरलेली असते. भुगा होत असेल तर ओल किंवा दाब कमी पडला. साचा भरताना आधी सैल भरा आणि मग अंगठ्याने जोर देऊन दाबा. आडवी चीर पडत असेल तर साच्याचे दोन भाग वेगवेगळे वाळले आहेत. दोन्हीकडे थोडं जास्तीचं मिश्रण ठेवून एकदाच दाबा आणि फिरवू नका. साच्यातून निघत नसेल तर बाहेरून चमच्याने हलकेच ठोका.

लवकर वाळावी म्हणून ओव्हनमध्ये ठेवू नका. तापल्यावर सोडा तिथेच वायू सोडायला लागतो. फ्रिजही नको, बाहेर काढल्यावर गोळीवर पाणी जमतं.

फेस का येत नाही?

बुडबुडे आणि फेस यांत फरक आहे. वायूचे बुडबुडे येतात आणि फुटतात. टिकणारा फेस यायला साबणासारखा पदार्थ लागतो. म्हणून काही जण साबणाचा कीस घालतात, पण सायट्रिक ॲसिडमुळे साबण फुटतो आणि पाण्यावर पांढरा, चिकट साका येतो. घालू नका.

कोणी वापरू नये?

इसब, सोरायसिस, उघडी जखम, नुकतंच वॅक्सिंग किंवा दाढी केलेली त्वचा असेल तर नको. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच आठच्या थोडा वर असतो आणि आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते. निरोगी त्वचेला आठवड्यातून एखाद्या वेळी फरक पडत नाही, पण रोज वापरलं तर ती कोरडी पडते. मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होत असेल तर सुगंधी पाण्यात बसू नका. गरोदरपणात डॉक्टरांना विचारा. पहिल्यांदा वापरताना गोळीचं पाणी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा.

मुलांना करायला देऊ का?

जरूर द्या. मोजणं, चाळणं, साचा भरणं ही कामं सात-आठ वर्षांची मुलं छान करतात. लिंबूफूल दळणं आणि अल्कोहोल फवारणं मोठ्यांकडे ठेवा. मुलांना चष्मा किंवा गॉगल घाला, डोळे चोळायचे नाहीत हे आधीच बजावा. डोळ्यात गेलं तर भरपूर साध्या पाण्याने धुवा, आणि लाली किंवा आग राहिली तर डॉक्टरांकडे न्या.

बोअरच्या जड पाण्यात चालते का?

चालते. सायट्रेट पाण्यातलं थोडं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे पाणी किंचित मऊ लागतं.

बाथरूमची फरशी निसरडी होते का?

होते, आणि याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. तेल फरशीवर पसरतं, आणि पुढे अंघोळीला जाणारे आजोबा घसरतात. अंघोळ झाली की लगेच गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने फरशी घासून टाका. घरात वयस्कर माणसं असतील तर मिश्रणात तेल एकच चमचा घाला, किंवा पाय भिजवण्यापुरतीच गोळी वापरा.

किती दिवस टिकतात?

पूर्ण वाळलेल्या, प्लॅस्टिकच्या पातळ कागदात एकेक गुंडाळून डब्यात ठेवलेल्या गोळ्या पाच-सहा महिने सहज टिकतात. नंतर फसफस मंदावते आणि तेल खवट होतं. ओलसर गोळ्या घट्ट बरणीत कोंडू नका. २० ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण दोन लिटर वायू निघतो. बरणीत ओल असेल तर झाकण उडू शकतं.

आम्ही परदेशात असतो, घरी टब आहे. काय बदल करू?

गोळा शंभर-सव्वाशे ग्रॅमचा करा, बाकी प्रमाण तेच. टबात उतरताना आणि बाहेर पडताना घसरण्याची भीती जास्त असते, तेव्हा तेल कमीच ठेवा.

बचत गटातून विकता येतील का?

घरी वापरायला आणि नातेवाइकांना द्यायला काही अडचण नाही. विक्रीसाठी करायचं म्हटलं की ही सौंदर्यप्रसाधनं ठरतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालचे कॉस्मेटिक्स रूल्स २०२० यांनुसार उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. वेष्टनावर घटक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ते आणि उत्पादकाचा पत्ता हवा. दिवाळीच्या स्टॉलवर मांडण्याआधी ही चौकशी करा. घेणाऱ्याच्या अंगाला काही झालं तर जबाबदारी तुमची असते.

मोडलेल्या गोळ्या आणि चुरा टाकून देऊ का?

नको. चुरा कोरड्या बरणीत भरा आणि पाय भिजवताना दोन छोटे चमचे घाला. तेल घालण्याआधी बाजूला काढलेलं मिश्रण असेल तर ते बेसिनच्या किंवा मोरीच्या जाळीवर टाका, वरून कपभर गरम पाणी ओता, दहा मिनिटांनी ब्रशने घासा. जाळीवरचा बुळबुळीतपणा आणि वास दोन्ही जातात. संगमरवराच्या फरशीवर मात्र हे करू नका, सायट्रिक ॲसिडने तिची चकाकी जाते.